गुडघा टायरसारखा झिजत नाही

‘गुडघा म्हणजे गाडीचा टायर. जेवढा वापराल तेवढा लवकर झिजेल. चाळिशीनंतर जिना, धावणं, उड्या बंद करा. सांध्यातून कटकट आवाज आला म्हणजे वंगण संपलं. हाडांना कॅल्शियमची गोळी पुरेशी आहे, आणि व्यायाम करायचाच तर पोहा.’ अशा आशयाचा मजकूर वर्षानुवर्षं पुढे पाठवला जातोय. तो वाचून धडधाकट माणसं चालणं कमी करतात, आणि जे जपायचं तेच त्यामुळे कमकुवत होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘जेवढा वापर तेवढी झीज’

टायरच्या रबरात पेशी नसतात, गुडघ्याच्या गादीत असतात. ही गादी म्हणजे कूर्चा: बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर जाडीचा थर. त्याच्या वजनातला ७० ते ८० टक्के भाग पाणी. ते पाणी धरून ठेवतात अ‍ॅग्रेकनचे रेणू, आणि सगळ्याला आवळून धरते कोलॅजनची जाळी. हे सगळं बनवणाऱ्या काँड्रोसाइट पेशी घनफळाच्या जेमतेम काही टक्के असतात. रक्तवाहिनी एकही नाही. पाऊल टेकलं की थर दबतो आणि थोडं पाणी बाहेर येतं, पाऊल उचललं की ते परत आत शिरतं. ग्लुकोजसारखे लहान रेणू एरवीही झिरपत पेशीपर्यंत पोहोचतात, पण मोठ्या रेणूंची ने-आण या दाबण्या-सुटण्यामुळे सोपी होते.

पेशींना हा दाब कळतोही. त्यांच्या पटलावर पीझो आणि टीआरपीव्ही-४ नावाच्या, दारांसारख्या सूक्ष्म वाहिन्या असतात. ताण पडला की त्या उघडतात, कॅल्शियमचे आयन आत येतात आणि पेशी आपलं काम बदलते. कूर्चेचा तुकडा प्रयोगशाळेत एकसारखा दाबून ठेवला तर अ‍ॅग्रेकनची निर्मिती मंदावते. तोच तुकडा सेकंदाला साधारण एकदा, हलकासा, दाबत-सोडत राहिलं तर ती वाढते. सेकंदाला एकदा ही चालताना एका पायावर भार येण्याचीच लय आहे. उलट पक्षाघातामुळे पाय हलेनासे झाले की गुडघ्यातली कूर्चा काही महिन्यांतच पातळ होऊ लागते. टायरचा हिशोब खरा असता तर ती नवीकोरी राहायला हवी होती.

धावणाऱ्यांचं काय? २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, बैठं जीवन जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळला. यावरून धावण्यानं गुडघा वाचतो असं लगेच म्हणता येणार नाही, कारण ज्यांचा गुडघा दुखतो ते आधीच धावणं सोडतात. पण ‘जेवढा वापर तेवढी झीज’ हे सरळ गणित या आकड्यांत बसत नाही.

दबणं आणि झिजणं यांत मात्र गल्लत नको. १०० उठाबशांनंतर वाटीमागची कूर्चा थोडी आक्रसते आणि पूर्ववत व्हायला दीड तासाहून जास्त वेळ घेते. म्हणून दोन जोरकस व्यायामांमध्ये काही तास जाऊ द्यावेत.

‘जिना बंद’

संवेदक बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांत प्रत्यक्ष भार मोजला गेला आहे. सपाट चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. फरक आहे, पण निरोगी गुडघ्याला जिना वर्ज्य करावा एवढा नक्कीच नाही. दुखऱ्या गुडघ्यानं कठडा धरावा आणि उतरणं कमी ठेवावं.

‘कटकट म्हणजे वंगण संपलं’

न दुखणारा आवाज बहुधा सांध्यातल्या द्रवातल्या वायूच्या बुडबुड्याचा किंवा सरकणाऱ्या स्नायुबंधाचा असतो. आवाजासोबत सूज, वेदना किंवा गुडघा अडकणं असेल तर दाखवावं.

‘हाडाला कॅल्शियम पुरे’

कॅल्शियम हा कच्चा माल आहे. तो कुठे लावायचा हे ठरवतात हाडात गाडलेल्या ऑस्टिओसाइट पेशी. प्रौढ हाडातल्या ९० टक्क्यांहून अधिक पेशी याच. एकीचे धागे दुसरीपर्यंत जातात ते एका मायक्रोमीटरहूनही अरुंद नळ्यांतून, आणि त्या नळ्यांत द्रव असतो.

इथे एक कोडं होतं. जोरात धावतानाही नडगीचं हाड फार तर ०.२ टक्के दबतं, म्हणजे ३५ सेंटिमीटरमागे ०.७ मिलिमीटर. प्रयोगशाळेतल्या पेशी मात्र एक टक्का किंवा त्याहून अधिक ताणल्याशिवाय दाद देत नव्हत्या, आणि तेवढ्यानं तर हाडच मोडेल. उत्तर त्या नळ्यांत आहे. हाड किंचित वाकलं की द्रव वेगानं सरकतो, धाग्यांना ओढ बसते आणि सूक्ष्म ताण पेशीपाशी कित्येक पटींनी मोठा होतो. मग पेशी स्क्लेरोस्टिन कमी सोडते. हे प्रथिन हाड बांधण्याला लगाम घालतं, आणि तो लगाम सैल पडतो.

व्यावसायिक टेनिसपटूंकडे पाहा. दोन्ही हातांना रक्त तेच, कॅल्शियम तेच. तरी १९७७ च्या अभ्यासात पुरुषांच्या खेळत्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड निघाली. आणि अंतराळात, खाण्यापिण्याची काळजी घेऊनही, अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का घटत असे.

मात्रा किती लागते? १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर भार देऊन पाहिलं. दिवसाला ४ वेळा दिला तर हाड टिकलं, ३६ वेळा दिला तर वाढलं, १८०० वेळा देऊन त्याहून जास्त काही मिळालं नाही. पेशी लवकर ‘बहिऱ्या’ होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनं पुन्हा ऐकू लागतात. म्हणून सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं हे एकदम खूप करण्यापेक्षा बरं. नुसतं वजन धरून उभं राहून भागत नाही, भार बदलता लागतो.

‘फक्त पोहा’

हृदयासाठी आणि दुखऱ्या सांध्यासाठी पोहणं उत्तमच. पण वजन पाणी पेलतं, त्यामुळे पोहणाऱ्यांची हाडं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा सहसा घट्ट नसतात. हाड विरळ झालेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांवरच्या लिफ्टमोर चाचणीत आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, ८ महिने जड वजनं उचलून घेतली गेली: ५ वेळा उचलण्याचे ५ संच, कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांहून जड. कण्याच्या हाडाची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, हलका व्यायाम करणाऱ्या गटात १.२ टक्के घटली. मात्र हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालं. विरळ हाड घेऊन एकट्यानं सुरू करू नये.

त्या मजकुरातलं खरं काय

मार लागलेला गुडघा खरोखर लवकर बिघडतो. धक्का काही मिलिसेकंदांत बसला तर कूर्चेतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, जाळीला भेगा पडतात, वरच्या थरातल्या पेशी मरतात. प्रौढ वयात ते कोलॅजन जवळजवळ नव्यानं बनत नाही. अस्थिबंध तुटलेला, मेनिस्कस (गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी चकती) काढलेला किंवा वजन फार वाढलेलं असेल तर व्यायामाची मात्रा फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावी.

हाडाचा धोका वेगळा, आणि तो घाई केल्यानं येतो. भार वाढला की जुनं हाड आधी पोखरलं जातं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. ते भरून यायला तीन-चार महिने जातात. मधल्या काळात हाड तात्पुरतं कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच उत्साहानं अंतर दुप्पट केलं जातं. अंतर, वेग, चढ यांतलं एका वेळी एकच वाढवावं. नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखत असेल आणि ते धावण्यानं वाढत असेल तर थांबावं, हाडाला बारीक भेग पडलेली असू शकते. साध्या एक्स-रेत ही बारीक भेग पहिले दोन-तीन आठवडे अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला तरी त्या पायानं धावू नये.