अंड्यांपासून लांब व्हा!

आज पैठणच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावरून डोकं तापूनच घरी आलोय.

पाणी मागं सरकलंय. उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात, त्या गाळपेराच्या मोकळ्या रानात टिटवीची चार अंडी, आणि त्यांच्याभोवती सहा जण! हातभर लांब लेन्सा घेऊन पालथे पडलेले. अंडी नीट दिसावीत म्हणून एकानं शेजारचे खडे बोटानं बाजूला केले. वर एक टिटवी ओरडून ओरडून घिरट्या घालतेय. दुसरी वीसेक फुटांवर उभी, पोट ओलं. मे महिन्याच्या उन्हात अंडी तापू नयेत म्हणून टिटव्या पाण्यात पोट भिजवून येतात, तो ओलावा अंड्यांना देतात. माझ्या डोळ्यांदेखत ते पोट वाळलं. यांची 'दोन मिनिटं' काही संपेनात.

आमच्या आबांनी जन्मात दुर्बीण धरली नाही. पण वखराची पाळी चालू असताना टिटवीनं गलका केला की बैल थांबवायचे. अंडी दिसली की वखर उचलून पलीकडं टेकवायचे. तेवढा तुकडा तसाच राहायचा.

जितकी अंडी तितके पावसाचे महिने, असं ते मोजायचे. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, त्यावरून पाऊस कळत नाही, हे मलाही कळतं. पण वखर उचलला जायचा ना!

मी हटकलं, उन्हानं आतली पिल्लं मरतील म्हणालो, तर म्हणे, "टिटवीच तर आहे!" म्हणजे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असता तर लांब उभे राहिला असतात? अहो, १९८६ पासून हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या अंड्यांना, घरट्याला त्रास देणं शिकारीतच मोडतं. आबांना कुठला कायदा माहीत होता?

फोटोंमुळे नोंदी होतात, मान्य. त्या दुरूनही होतात.

त्यांच्यातलं एक पोरगं, अकरावी-बारावीतलं असेल, मागं राहिलं. "काका, खरंच मरतात का आतली पिल्लं?" त्याचा चेहरा बघून माझा राग निम्मा उतरला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि दोघं लांब बाभळीखाली जाऊन बसलो. बाकीचे गेले. टिटवी लगेच अंड्यांवर आली नाही. चार पावलं इकडं, चार तिकडं, मध्येच उगाच चोच मारल्यासारखं केलं. मग पाण्याकडं गेली, भिजून आली आणि अलगद टेकली. "बसली!" पोरगं एवढंच बोललं, तेही कुजबुजत.

घरी येऊन आबांना फोन केला.

"किती हायेत?"

"चार."

"रान कुणाचंय? त्याला सांगून ठिव, पाळी घालताना बघ म्हणावं."