मिस्कुटाला नंबर मिळाला

गोव्यात राहणाऱ्या माणसाला मिस्कूट, आमचं कैरीचं लोणचं, विकता येत नाही. म्हणजे कायद्यानं येतं, तोच तर सगळा घोळ आहे, पण व्यवहारात येत नाही, कारण इथं घरटी एक बरणी असतेच आणि आपल्या आईच्या हातचं सोडून बाकीच्यांचं मिस्कूट म्हणजे नुसतं मीठ अशी प्रत्येकाची खात्री असते. मिस्कुटाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे गोवा सोडून गेलेला गोंयकार. तो डोंबिवलीत असतो, पुण्यात असतो, बंगळुरात असतो, चवथीला घरी येतो, जाताना दोन बरण्या टॉवेलात गुंडाळून नेतो आणि महिन्याभरात फोन करतो की संपलं गे, पाठव ना.

तर आमच्या वहिनीच्या मनात आलं की हे असं टॉवेलात गुंडाळून किती दिवस चालणार, ऑनलाईन विकूया. आता दादाला मोबाईलवर फक्त गुड मॉर्निंग फॉरवर्ड करता येतं, त्यामुळे काम आलं माझ्याकडे. मी डिचोलीत एका ऑफिसात एक्सेल बघतो, एवढ्या भांडवलावर आमच्या घरात मला करतज्ज्ञ समजतात.

मी वाचायला घेतलं आणि पहिल्याच फटक्यात खूश झालो. दुकानात बसून माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, पण तोच माल ऑनलाईन बाजारात ठेवला की पूर्वी पहिल्या बरणीपासून नंबर सक्तीचा होता, मग ती एकच बरणी असो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सक्ती ढिली केली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर पॅन द्यायचा, पोर्टलवर नुसता एनरोलमेंट नंबर घ्यायचा आणि विकायला सुरुवात करायची, रिटर्न नाही काही नाही. मी वहिनीला म्हटलं झालं काम, आज रात्री उरकतो.

मग खालची ओळ वाचली. विक्री फक्त आपल्या राज्यातच.

म्हणजे बघा, वहिनीनं डिचोलीहून पार काणकोणच्या टोकाला लोलयेंला बरणी पाठवली तर चालेल, अख्खा गोवा ओलांडून गेली तरी चालेल. पण तिची सख्खी बहीण दिली आहे दोडामार्गला. स्कूटरवर बसलं की अर्ध्या तासात तिच्या अंगणात. दोडामार्गची माणसं बाजाराला म्हापशाला येतात, दुखलं-खुपलं की बांबोळीला येतात. पण दोडामार्ग सिंधुदुर्गात, सिंधुदुर्ग महाराष्ट्रात, आणि तिकडे ऑनलाईन बरणी गेली की तो आंतरराज्य पुरवठा. वहिनी म्हणाली, "भावजी, ती शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येते की, तिथं पिशवीत घालून देते." मी म्हटलं तसं दे, कोण विचारत नाही. "आणि तीच बरणी मोबाईलवरून मागवली तर?" तर मग कायदा विचारतो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की हा नियम जणू मीच रात्री बसून केलाय.

थोडक्यात सरकारनं सवलत दिली ती गोव्यातल्या गोव्यात विकायला, म्हणजे जिथं कोणी विकत घेत नाही तिथं, आणि जिथं लोक बरणीची वाट बघत बसलेत तिथं विकायचं तर पूर्ण रजिस्ट्रेशन. छोट्या धंद्यांसाठी मधली कंपोझिशनची एक वाट आहे, कर कमी, कागद कमी, पण ती पण राज्याच्या हद्दीवर येऊन थांबते. मोठ्या राज्यांचं ठीक आहे हो, नागपूरचा माणूस कोल्हापूरला विकतो तरी राज्यातच असतो. आमचं राज्य केवढं? उत्तरेकडे जरा जोरात शिंकलं तर पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे महाराष्ट्रात ऐकू जातं.

ठरलं, नंबर घ्यायचा. आणि इथून पुढे वीज बिल.

रजिस्ट्रेशनला धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. धंद्याची जागा म्हणजे आमचं मागचं पडवीतलं स्वयंपाकघर. वीज बिल आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन एवढी वर्षं झाली की त्यांच्या फोटोची फ्रेम पण एकदा बदलून झाली, पण बिल नियमित त्यांनाच येतं आणि भरलं पण जातं, दादा म्हणतो आपल्या घरात सगळ्यात शिस्तीचा माणूस तोच. घरपट्टीची पावती पण त्यांचीच. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तर आजोबा, त्यांचे भाऊ आणि एक असं नाव की ते कोण हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागेल. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे दादाच्या वाट्यातली अर्धी वहिनीची. ऐकायला फार छान वाटतं. पण दादाचा वाटा किती हे ठरवायला कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली वाटणी, करावी लागते आणि आमची इन्व्हेंटरी झालेली नाही. झाली नाही कारण सगळे काका एका वेळी एका ठिकाणी कधी जमलेच नाहीत, आणि चवथीला जमतात तेव्हा विषय काढायचा नसतो, देव घरात असतात. म्हणजे वहिनी त्या घराची मालकीण आहे पण कितीची ते कोणालाच माहीत नाही, आणि त्या पडवीत कैरी चिरायला तिला कोणाची परवानगी हवी तर सगळ्यांची.

मग ना-हरकत पत्रं. मुंबईच्या काकांनी विचारलं, "सही कशाला पाहिजे, घर विकताय काय?" मी म्हटलं काका, मिस्कूट विकतोय. "मिस्कुटाला घराचे कागद?" त्यांना पटेना. दुसऱ्या काकांनी अट घातली की सही देतो पण मागच्या फणसाचं काय ते आधी ठरवा. काकूंनी मात्र चटकन सही करून पाठवली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, चार बरण्या.

तरी कचेरीतून क्वेरी आलीच की बिलावरची व्यक्ती आणि अर्जदार यांचं नातं स्पष्ट करा. नातं? चुलतसासरा नाही, आजेसासरा. ते स्पष्ट केलं. आता गंमत अशी की केंद्राच्या कर खात्यानं १७ एप्रिल २०२५ ला आपल्याच अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिली होती की स्वतःची जागा असेल तर घरपट्टी पावती किंवा वीज बिल असला एखादा कागद पुरे, उगाच अंदाजावर शंका काढत बसू नका. सूचना चांगलीच आहे, मी प्रिंट काढून फाईलला लावली. पण त्यात आजोबांचा विचार केलेला नाही.

अखेर नंबर आला. पंधरा अक्षरी, सुरुवातीला ३० म्हणजे गोवा, मग वहिनीचा पॅन, मग शेपटी. वहिनीनं तो कागद देवासमोर ठेवला, दादानं स्टेटसला टाकला. मी म्हटलं काढ तो, पॅन सगळा वाचता येतो त्यात. पण तोवर भावकीत बातमी गेली होती आणि फोन सुरू झाले. नव्या एसीच्या बिलावर वहिनीचा नंबर घातला तर टॅक्स सुटतो ना रे? फ्रीज घेतोय, नंबर दे. एक जण तर मोटरसायकल घेत होता. धंद्यासाठी नसलेल्या वस्तूचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, आणि घेतलंच तर उद्या उत्तर वहिनीला द्यावं लागेल, हे सांगून सांगून माझा घसा बसला. त्यातला एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याच्या मते आम्ही नंबर मिळाल्यावर बदललो.

आता मालाला कोड. प्रत्येक वस्तूला एचएसएन कोड लागतो, लोणच्याला सगळे २००१ लावतात. मी मोठ्यानं वाचून दाखवलं की व्हिनेगर किंवा ॲसेटिक ॲसिडमध्ये टिकवलेली फळं, भाज्या वगैरे. वहिनीच्या हातातला डाव हातातच राहिला. "व्हिनेगर? माझ्या मिस्कुटात व्हिनेगर? आगरवाड्याचं मीठ आहे ते!" मी म्हटलं अगं कोडचं नाव आहे ते, चवीचं नाही. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला पण नाही. लेबलावर कोड छापला पण तिनं त्याच्यावर मोठ्या अक्षरात 'व्हिनेगर नाही' असं छापून घेतलं.

त्यावेळी लोणच्याला १२ टक्के होता. बरणी ३०० रुपयांना, त्यात मूळ किंमत २६७ रुपये ८६ पैसे, बाकी कर. गिऱ्हाईकाला ३०० च दिसतात, ऑनलाईन किमतीत कर आधीच धरलेला असतो, त्यामुळे कर कोण भरतं असं विचारलं तर गिऱ्हाईक म्हणतं कंपनी भरते, आणि ती कंपनी म्हणजे आमची वहिनी, पदराला हात पुसत उभी. लेबलं छापून जेमतेम चवथ पार पडली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ५ टक्के. चांगली गोष्ट, कोण नाही म्हणतो. पण घटस्थापनेच्या दिवशी एका बाजूला घट बसवून दुसऱ्या बाजूला आम्ही ३०० वर २८१ चे स्टिकर चिकटवत बसलो होतो. वरचे २५ पैसे वहिनीनं सोडले.

पैसे येतात तेव्हा त्यातून ऑनलाईन बाजारवाले आपलं कमिशन कापतात, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी कापतात, आणि शिवाय अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, सरकारसाठी कापून घेतात. तो आधी १ टक्का होता, जुलै २०२४ पासून अर्धा झाला. एका बरणीमागे १ रुपया ३४ पैसे. ते बुडत नाहीत, पोर्टलवर आपल्या नावानं जमा होतात, पण आपण तिथं जाऊन 'स्वीकारले' असं बटण दाबायचं असतं. माझ्याच पैशातून काढलेले माझेच पैसे मला मान्य आहेत असं कबूल करायचं. दादाला हे फार आवडतं, प्रत्येक वेळी बटण दाबायला तो स्वतः चष्मा लावून येतो.

मधेच एक गोड बोलणारी मुलगी फोनवर म्हणाली मॅडम तुमचा माल आमच्या भिवंडीच्या गोदामात ठेवा ना, मुंबईला एका दिवसात पोचेल. वहिनी जवळजवळ हो म्हणाली होती. मी मधे पडलो, कारण माल भिवंडीत ठेवून तिथून विकायचा तर महाराष्ट्राचा वेगळा नंबर, २७ नं सुरू होणारा, आणि भिवंडीच्या पत्त्याचे कागद. इथल्या एका आजोबांनी एवढा घाम काढला, तिथं आणि कोणाचे आजोबा शोधणार.

पण सगळ्यात मोठं भांडण झालं ते आयजीएसटीवरून, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावरच्या जीएसटीवरून. दादानं हरयाणातल्या विक्रेत्याकडून मिक्सर मागवला, बिलावर आयजीएसटी १८ टक्के. दादा तापला, आपण गोव्यातले, आपला टॅक्स हरयाणाला का? मी शांतपणे समजावलं की हा कर जिथं वस्तू वापरली जाते तिथं जातो, राज्याचा वाटा फिरून गोव्यालाच येतो, आणि तू हाच मिक्सर गोव्यातल्या दुकानदाराकडून घेतला असतास तरी टॅक्स तेवढाच, फक्त केंद्राचे नऊ आणि राज्याचे नऊ असे दोन तुकडे दिसले असते. दादा खूश, गोव्याचे पैसे गोव्यात. वहिनी आतून ऐकत होती. "म्हणजे माझी बरणी डोंबिवलीला गेली की राज्याचा वाटा महाराष्ट्राला?" हो. "आंबे आमच्या कुळागरातले, मीठ आगरवाड्याचं, सह्या काकांच्या, आणि वाटा महाराष्ट्राला?" मी म्हटलं हो. मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, फक्त नवा मिक्सर फार जोरात चालू होता.

दिवाळीनंतर बरण्या संपल्या. विक्री शून्य. मी सांगितलं की तरी रिटर्न भरावं लागतं, नील रिटर्न, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये लेट फी. वहिनी म्हणाली, "काही विकलं नाही हे सांगायला पण तारीख?" मी म्हटलं त्याची सोय आहे, नील रिटर्न नुसत्या एसएमएसवर पण भरता येतं. तिनं विचार करून जाहीर केलं की आंब्याचा मोसम येईपर्यंत पापड करायचे, कारण पापडाला जीएसटी नाही असं तिनं कुठंतरी ऐकलंय. ते खरं आहे, पापड कुठल्याही नावाचा असो करमुक्त आहे, आणि २०२१ मध्ये गोल की चौकोनी असा वाद निघाला तेव्हा खुद्द कर खात्यानंच खुलासा केला होता की आकाराचा काही संबंध नाही.

"मग पापडाचं रिटर्नमध्ये दाखवायचं नाही ना?"

"दाखवायचं. करमुक्तच्या रकान्यात."

"मग एसएमएसवाली सोय?"

"ती गेली. विक्री आली की नील कसलं."

तिनं उडदाच्या पिठाचा डबा परत वर ठेवला, मग काय वाटलं कोणास ठाऊक पुन्हा खाली काढला आणि म्हणाली, "काकूंना फोन लावा, पापडाला पण सह्या लागतात काय ते आधी विचारून घेते, म्हणजे यावेळी चार बरण्या जायच्या नाहीत, पापडावरच भागवीन."