'ब्राउझरने तपासलंय ना, मग सर्व्हरवर पुन्हा कशाला?'

डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांमध्ये एक सल्ला हौसेने पुढे ढकलला जातो. थोडक्यात असा: "फॉर्मची तपासणी ब्राउझरमध्ये झालेली असते. तेच नियम सर्व्हरवर पुन्हा लिहिणं म्हणजे दुप्पट काम. अगदीच वाटलं तर तोच रेजेक्स (मजकुराचा साचा तपासणारं सूत्र) उचलून सर्व्हरवर टाका. बाकीचं फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) बघून घेतं. आणि फॉर्म भरणारी आपलीच माणसं, त्यांच्यावर कसला संशय?" डेडलाइन डोक्यावर असताना हे पटतं, मलाही पटलं होतं. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"तपासणी झालेली असते." कुणी सांगितलं? सर्व्हरला तुमचा फॉर्म दिसत नाही, दिसते ती फक्त रिक्वेस्ट. ती तुमच्या पानावरून आली की कुणी टर्मिनलवरून कर्ल या थेट रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने धाडली, हे तिच्याकडे बघून खात्रीने सांगता येत नाही. फॉर्मच्या टॅगवर नोव्हॅलिडेट लिहिलं की ब्राउझर गप्प बसतो, आणि ब्राउझरमधलीच डेव्हटूल्स (डेव्हलपरची साधनं) उघडून ते कुणालाही लिहिता येतं. ड्रॉपडाउनमधल्या तीन पर्यायांचा चौथा करणं किंवा हिडन (पानावर न दिसणाऱ्या) फील्डमधली किंमत बदलणं तितकंच सोपं. बरं, लबाडीच हवी असंही नाही. आपल्याच जावास्क्रिप्टने फॉर्मची सबमिट मेथड बोलावली तर रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं), पॅटर्न (ठरलेला साचा) वगैरे काहीच तपासलं जात नाही. तपासणी व्हायला रिक्वेस्ट-सबमिट ही मेथड लागते. मॅक्सलेंग्थ (कमाल लांबी) टाइप करणाऱ्याला अडवते, स्क्रिप्टने भरलेल्या मजकुराला नाही. आपलाच कोड आपल्याच तपासणीला वळसा घालून जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

"तोच रेजेक्स उचला." हे सगळ्यात निरुपद्रवी वाटणारं वाक्य, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारं. समजा, सहा अंकी कोड हवा आहे. पॅटर्नमध्ये 'सहा वेळा बॅकस्लॅश-डी' लिहिलं (बॅकस्लॅश-डी म्हणजे कुठलाही एक अंक). एचटीएमएलचा पॅटर्न आख्ख्या मजकुराला लागू होतो, मागेपुढे खुणा लावाव्या लागत नाहीत. तोच तुकडा पायथनच्या री-सर्चला दिला की मजकुरात कुठेही सहा अंक सापडले तरी पास; आजूबाजूला हवा तेवढा कचरा चालतो. मग आपण शहाणपणाने ^ (सुरुवात) आणि $ (शेवट) या खुणा लावतो. पायथनमध्ये $ शेवटच्या न्यूलाइनच्या (ओळ तोडणाऱ्या अदृश्य खुणेच्या) आधीही जुळतो, त्यामुळे कोडच्या शेपटीला एक न्यूलाइन चिकटून आत येते. पीएचपीतही तेच. रूबीत तर ^ आणि $ प्रत्येक ओळीसाठी असतात. पाच ओळींच्या मजकुरात एक ओळ नियमात बसली की सगळंच आत. पायथनमध्ये आख्खा मजकूर जुळवणारं फुलमॅच वापरा, विषय संपला.

तरी संपत नाहीच म्हणा. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश-डी म्हणजे फक्त इंग्रजी अंक. पायथनमध्ये त्यात देवनागरी १२३४५६ सुद्धा बसतं, आणि इंट फंक्शन त्याचा निमूटपणे आकडा करून देतं. आकडा म्हणून साठवलात तर ठीक. मजकूर म्हणून साठवलात तर एकच कोड दोन लिप्यांत बसतो आणि शोधताना निम्म्या नोंदी गायब.

लांबीचंही तसंच. 'क्षितिज' हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा. जावास्क्रिप्ट वेलांट्या आणि हलन्त सुटे मोजून त्याची लांबी ७ सांगतं. पीएचपीचं स्ट्रलेन यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवण्याच्या पद्धतीत) बाइट मोजतं आणि २१ सांगतं. मर्यादा २० असेल तर ब्राउझर हसत पाठवतो आणि सर्व्हर नाकारतो. टेक्स्टएरियात एंटर मारलं की ब्राउझर ते एक अक्षर धरतो, पण पाठवताना त्याची दोन होतात. 'तोच नियम' दोन्हीकडे तोच राहतोच असं नाही.

"दुप्पट काम." सर्व्हरवरच्या बऱ्याच तपासण्या ब्राउझरला करताच येत नाहीत. हा ऑर्डर क्रमांक याच माणसाचा आहे का? हे युजरनेम आधीच घेतलंय का? (याचं शेवटचं उत्तर डेटाबेसच्या युनिक इंडेक्सने, म्हणजे तीच किंमत दोनदा न घेणाऱ्या नियमानेच द्यावं, दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर आधी केलेली विचारणा फुकट जाते.) शिवाय तपासणी कशी लिहिली यालाही महत्त्व आहे. 'रक्कम शून्याहून कमी किंवा लाखाहून जास्त असेल तर नाकारा' हे पायथनमध्ये लिहिलंत आणि कुणी रकमेच्या जागी 'नॅन' ('ही संख्याच नाही' असं सांगणारी खास किंमत) पाठवलं, तर मजकुराचा आकडा करणारं फ्लोट ते आनंदाने स्वीकारतं. नॅनशी केलेल्या दोन्ही तुलना खोट्या ठरतात, म्हणून नाकारलं काहीच जात नाही. अट उलटी लिहा: शून्य ते लाखाच्या दरम्यान असेल तरच घ्या.

"फ्रेमवर्क बघून घेतं." पॅरामीटराइज्ड क्वेरीमुळे (आज्ञा आणि डेटा वेगळे ठेवल्यामुळे) एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे डेटातून डेटाबेसला आज्ञा घुसवणं टळतं, हे खरं. पण नग उणे पाच ही एसक्यूएलच्या दृष्टीने अगदी सभ्य संख्या आहे. आणि कुठली फील्ड बाहेरून भरू द्यायची हे फ्रेमवर्कला तुम्हीच सांगावं लागतं. मार्च २०१२ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर एकाने पब्लिक की (ओळख पटवणारी किल्ली) जोडण्याच्या फॉर्मसोबत दुसऱ्याचा युजर आयडी पाठवला, सर्व्हरने तो मुकाट्याने घेतला आणि त्या माणसाला थेट रेल्स या रूबीच्या फ्रेमवर्कच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) कमिट, म्हणजे बदलाची नोंद करता आली. आयडीचं ते फील्ड फॉर्मवर भरायला नव्हतंच. परवानगी दिलेलीच फील्ड घेणारे स्ट्राँग पॅरामीटर्स रेल्स ४ मध्ये मूळ चौकटीत आले ते यानंतर, २०१३ मध्ये.

"आपलीच माणसं." असतील. त्यातल्या एकाने काल उघडलेला टॅब अजून तसाच असतो, तुम्ही आज सकाळी नियम बदलून डिप्लॉय करता, आणि तो प्रामाणिक माणूस जुन्या पानावरून जुन्या नियमांनी सबमिट करतो.

एका बाबतीत मात्र सल्ला देणाऱ्यांची चीड रास्त आहे. वीस फील्ड भरून पाठवायची, सर्व्हरने 'काहीतरी चुकलं' म्हणायचं आणि फॉर्म कोरा करून परत द्यायचा, हा छळ आहे. तेव्हा ब्राउझरमधली तपासणी काढू नका, ती माणसाच्या सोयीसाठी हवीच. आणि सर्व्हरने नाकारताना ४२२ ('हा डेटा घेता येत नाही' असं सांगणारा कोड) देऊन सगळ्या चुका एकदम, ज्या त्या फील्डखाली दाखवाव्यात, भरलेलं जसंच्या तसं परत ठेवावं. पासवर्ड तेवढा सोडून.