अल्बम फोडून विकू नयेत

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळातल्या कौटुंबिक फोटो-अल्बमांना काय भाव येतो, हे लेखात छान सांगितलंय. पण एका गोष्टीवर आणखी लिहायला हवं होतं. नाव ठाऊक असलेल्या सैनिकाचा फोटो महाग जातो, म्हणून काही विक्रेते तेवढाच काढून सुटा विकतात. मला हे फार चुकीचं वाटतं. या अल्बमांत असतो तो ‘कार्त द व्हिजीत’, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला छोटा फोटो. त्यातल्या माणसाची ओळख बरेचदा अल्बमातल्या जागेवरूनच पटते: शेजारी बायको, पुढच्या पानावर भाऊ, खाली त्याच हस्ताक्षरातलं नाव. पानं विखुरली की हा पुरावा कायमचा गेला.

संग्राहकांनी मागची बाजूही जरूर बघावी. तिथे स्टुडिओचं नाव-गाव असतं. करतिकीट (कर भरल्याचं चिकटवलेलं तिकीट) दिसलं तर फोटो बहुधा सप्टेंबर १८६४ ते जुलै १८६६ मधला, कारण तेव्हा फोटोंवर कर होता. मात्र पेन्सिलीने लिहिलेल्या नावावर डोळे झाकून विश्वास नको. किंमत वाढवायला ते नंतरही लिहिलेलं असू शकतं. गणवेश, हुद्दा आणि रेजिमेंटच्या नोंदी जुळतात का ते तपासावं.

याच युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत मरण पावलेल्या एमॉस ह्यूमिस्टन या सैनिकाच्या हातात तीन मुलांचा फोटो होता, नाव कुठेच नव्हतं. वर्तमानपत्रांनी त्या फोटोचं वर्णन छापलं आणि त्यावरून बायकोला नवऱ्याचा पत्ता लागला. लेखकाने पुढच्या भागात अशा ओळख पटवण्याच्या कामावर सविस्तर लिहावं, ही विनंती.