"पडीक पठारावर खाण झाली तर बिघडलं काय?" त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले काही दिवस आपल्या कोल्हापूरच्या पश्चिम भागातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. भावकीचा ग्रुप, दूध संस्थेचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, सगळीकडं तोच. थोडक्यात मजकूर असा: पठारावर बॉक्साइटची खाण येतीय, तिथं नाहीतरी काय पिकत नाही, घरटी एकाला नोकरी मिळंल, रॉयल्टीतनं गाव सुधारंल, धूर नाही केमिकल नाही, काम संपलं की खड्डे बुजवून झाडं लावणार, विरोध करणारे सगळे बाहेरचे, त्यांना इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणासाठी राखीव बंधनांचं क्षेत्र) आणून तुमची शेती बंद पाडायचीय, आणि खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकतात त्या जनसुनावणीत काय ठरत नसतंय त्यामुळं तिकडं जाऊन दिवस मोडू नका. वर तिरंगा, खाली जोडलेले हात. लिहिणारा कोण माहीत नाही पण हुशार आहे, कारण धडधडीत खोटी वाक्यं त्यात एक-दोनच आहेत, बाकीची अर्धी सांगून सोडलीत. म्हणून एकेक घेतो.

"पठार पडीक आहे, तिथं काही पिकत नाही."

सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, लिहिलेलं असतंय, तेवढं बरोबर. पण खाली ज्याचं भात, ऊस, नाचणा आहे त्यानं वर बघावं जरा. सड्यावरचा, म्हणजे ह्या सपाट पठारावरचा, जांभा दगड सच्छिद्र असतो, त्याच्या खाली चिकट मातीचा थर आणि मग काळा पाषाण. पावसाचं पाणी जांभ्यातनं उतरतं, त्या मातीवर अडतं आणि आडवं सरकत पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. गगनबावड्याकडं वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि तिकडं शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, पण आपल्याकडचा एवढा सगळा पाऊस चार महिन्यात धो धो पडून ओढ्यातनं निघून जातोय, उरलेले आठ महिने आपण जगतोय ते कड्याखालच्या झऱ्यांवर. कितीतरी वाड्या-वस्त्यांची नळपाणी योजना म्हणजे झऱ्याला घातलेली पाइप आणि खाली एक टाकी, मोटार नाही की लाइट बिल नाही.

आता बॉक्साइट म्हणजे काय, तर ह्याच जांभ्याच्या थरातला ॲल्युमिनियम जास्त असलेला भाग. म्हणजे त्यांना जो थर उचलून न्यायचाय तोच आपलं पाणी धरून बसलाय. मेसेजमध्ये ह्याचा एका शब्दानं उल्लेख नाही, आणि माझ्या मते सगळा विषय इथंच आहे, बाकीचं नंतरचं.

यावर एक ठरलेलं उत्तर येतंय की उलट खाणीच्या खड्ड्यात जास्त पाणी साठतं. साठतंय की. पण खड्ड्यात उघड्यावर साठलेलं पाणी उन्हानं आटतं आणि गाळानं तळ बसला की मुरायचंही थांबतं, झऱ्याला मार्च-एप्रिलपर्यंत थोडं थोडं मिळायचं ते बंद होतं. तळं झालं म्हणून झरा चालू राहतोय असं नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि "काही पिकत नाही" म्हणायच्या आधी एखाद्या धनगरवाड्यावर जाऊन विचारा की म्हशी कुठं चरतात. काजूवाल्याला विचारा मोहोराच्या टायमाला माश्या कुठनं येतात. गव्यांचं पण तेच. उसात गवा शिरला की शिव्या आपण सगळेच घालतोय, मी पण घालतो, पण वरचं गवत आणि पाणवठा गेल्यावर तो कळप कुठं जाणार? खालीच येणार की.

"धूर नाही, केमिकल नाही, मग प्रदूषण कसलं?"

केमिकल नाही हे खरं आहे. कॉस्टिक सोडा लागतो तो बॉक्साइटातनं अल्युमिना (ज्याचं पुढं ॲल्युमिनियम करतात ती भुकटी) काढायच्या कारखान्यात, त्याचा लाल चिखल तिकडं होतो, खाणीवर नाही. पण खाणीवर माती असती, लय माती. वरचा थर खरवडून बाजूला ढीग लावायचा आणि त्यावर आपल्याकडचा जुलैचा पाऊस, मग ती माती ओढ्यातनं भाताच्या खाचरात उतरायला वेळ लागत नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याला जुलै २०२१ मध्ये खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटून लाल चिखलाचं पाणी घरात आणि बागायतीत घुसलं होतं, व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. ती लोखंडाची खाण होती, बॉक्साइटची नव्हे, हे मीच सांगतो म्हणजे कुणी दुरुस्ती करायला येणार नाही. पण डोंगरावरचा खड्डा, त्यात साठलेलं पाणी आणि खाली गाव, हे तिन्ही इथं पण असणारच आहे.

उन्हाळ्याचं वेगळंच. खाणकाम चालतं पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबर ते मे. काजू-आंब्याचा मोहोर ह्याच दिवसात, धूळ बसती ती त्याच्यावर. आणि गळीत हंगाम पण ह्याच दिवसात. आपल्या रस्त्यांवर ऊसाच्या डबल ट्रॉल्यांनी आधीच जीव मुठीत धरून जावं लागतंय, त्याच रस्त्यावर टिप्पर सोडायचे आणि शाळेची पोरं पण त्याच रस्त्यानं चालत जाणार. ह्या रस्त्याचं काय, असं मी त्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर म्हणून अंगठा आला.

"घरटी एकाला नोकरी आणि रॉयल्टीतनं गावाचा कायापालट."

नोकरीचं पहिलं. उघडी खाण पोकलेन आणि टिप्परवर चालती. ऑपरेटर, ड्रायव्हर, सुपरवायझर, वॉचमन, पाणी मारायला टँकरवाला, एवढीच माणसं लागतात आणि त्यातली बरीच ठेकेदाराची असतात. किती कायम आणि किती कंत्राटी हे पर्यावरण अहवालात लिहावं लागतंय, त्यामुळं वाद घालत बसण्यापेक्षा तो आकडा अहवालातनं काढा आणि घरटी एकचा हिशोब लावा. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या पठारांवर बॉक्साइट काढून झालंय, काल-परवाची गोष्ट नाही ती, तिथल्या वाड्यांतली पोरं आज कुठं आहेत? पुण्या-मुंबईला, नाहीतर एमआयडीसीत. माल इथनं जातो, त्याचा अल्युमिना होतो बेळगावला. एक टन ॲल्युमिनियमला साधारण चार-पाच टन बॉक्साइट लागतं, म्हणजे ट्रक आपल्या रस्त्यावर आणि कारखाना दुसऱ्या राज्यात.

आता रॉयल्टी. पहिली गोष्ट, ती ग्रामपंचायतीच्या खात्यावर येत नाही, राज्य सरकारकडं जाती. जिल्ह्याला येतो तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा, २०१५ च्या कायदादुरुस्तीनं सुरू झालेला, आणि लिलावात दिलेल्या खाणीसाठी तो रॉयल्टीच्या १० टक्के असतो, जुन्या लीजला ३० टक्के. धातूसाठी जाणाऱ्या बॉक्साइटची रॉयल्टी लंडनच्या धातू बाजारातल्या ॲल्युमिनियमच्या भावावर ०.६० टक्के, ती पण दगडात जेवढा धातू आहे तेवढ्यावरच. हिशोब मांडूया. दगडात ४० टक्के अल्युमिना धरा, त्यात धातू येतो २१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टनाला २१० किलो. ॲल्युमिनियमचा भाव टनाला २ लाख धरला तर तो धातू ४२,००० रुपयांचा, त्याचे ०.६० टक्के म्हणजे २५२ रुपये रॉयल्टी आणि त्याच्या १० टक्के, २५ रुपये, प्रतिष्ठानला. १५ टनांचा टिप्पर दारावरनं गेला की जिल्ह्याच्या फंडात पावणेचारशे रुपये. जिल्ह्याच्या. त्यातलं तुमच्या वाडीला किती येणार ते वर बसलेली कमिटी ठरवणार. भाव वरखाली होतो, लिलावाचा प्रीमियम वेगळा असतो पण तो पण राज्याकडंच जातो, त्यामुळं आकडा थोडा सरकंल, कायापालट काय व्हायचा नाही. टिप्परनं उखडलेला रस्ता दुरुस्त करायला तरी पुरंल का, हा खरा प्रश्न.

"काम झालं की खड्डे बुजवून झाडं लावणार."

लावतात, काही ठिकाणी हिरवं दिसतंय पण. नियमानं खाण बंद करायचा आराखडा आधीच द्यावा लागतो. पण जांभा बनायला लाखो वर्षं गेलीत, वर माती पसरून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली म्हणून तो परत येत नसतोय. झाडं मोजायच्या ऐवजी झरे मोजा. खाणीआधी किती, कुठल्या महिन्यापर्यंत वाहतात, हे आत्ता लिहून ठेवलं नाही तर पुढं कुणाच्या नावानं ओरडणार?

"विरोध करणारे बाहेरचे आहेत."

आणि खाणवाला काय आपल्या आळीतला आहे? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्याच डोंगरातनं निघतात आणि प्रयाग चिखलीपर्यंत जाऊन त्यांची पंचगंगा होती. कोल्हापूरकर, इचलकरंजीकर ह्यावर बोलायला लागले तर ते बाहेरचे कसे?

"इको-सेन्सिटिव्ह आलं की शेती बंद, घर बांधायला बंदी."

हे धडधडीत खोटं, आणि सगळ्यात जास्त चालतंय ते हेच. पश्चिम घाट कसा जपायचा ह्यावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, आणि त्यानंतर इको-सेन्सिटिव्ह क्षेत्र ठरवायचे केंद्राचे मसुद्यावर मसुदे निघाले, सहावा ३१ जुलै २०२४ ला, वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मसुद्यात बंदी कशावर आहे? खाण, दगडखाण, वाळू उपसा, नवीन औष्णिक वीज प्रकल्प, रेड कॅटेगरीचे, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे, नवीन कारखाने, आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं. तुमची पडवी २०,००० चौरस मीटरची आहे का? भात लावायला, गोठा बांधायला, घर दुरुस्त करायला त्यात बंदी नाही, जमीन विकायला नाही. चालू खाणी मात्र पाच वर्षांत किंवा लीज संपंल तेव्हा, जे आधी असंल तेव्हा, बंद करायच्या असं आहे. आता सांगा ह्या मसुद्याची भीती कुणाला जास्त असायला पाहिजे, भातवाल्याला का खाणवाल्याला? वनखात्याचा गावाला त्रास होतोच, पंचनामे वेळेवर होत नाहीत, भरपाईसाठी चपला झिजतात, तो राग खरा आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं तोच राग उचलून दुसऱ्याच्या कामाला जुंपलाय.

"जनसुनावणीत काय ठरत नाही, जाऊ नका."

ठरत नाही हे खरं. पण पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत आणखी एक वाक्य आहे, सुनावणीला गणपूर्ती (कोरम) लागत नाही. पाच माणसं आली तरी ती झाली, आणि इतिवृत्तात लिहिलं जाणार की हरकत नाही. मंजुरी देणारे पुढं कागद बघतात, कोण घरी बसून चिडला होता ते नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटचाच प्रश्न होता, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये तो ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या. तिथं वनहक्क कायद्याचा आधार होता, आपल्याकडं तसंच्या तसं लागू होईल असं नाही, धनगरवाड्यांना वनात राहत असल्याचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. पण तो दावाच टाकला नसंल तर वकील तरी काय करणार?

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी पेपरात यावी लागती, अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात बघायला मिळतो. तो आधी वाचा. त्यात आपले झरे दाखवलेत का, वाडीची नळपाणी योजना दाखवलीय का, पाण्याची पाहणी कुठल्या महिन्यात केलीय (पावसाळ्यात केली असंल तर तेच पहिलं विचारा), टिप्पर कुठल्या रस्त्यानं जाणार, कायम नोकऱ्या किती. बोलायला जमत नसंल तर हरकत लेखी द्या, लेखी पण चालती. दोन प्रती करा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. झऱ्यांचे फोटो एप्रिलमध्येच काढून ठेवा, तारीख दिसंल असे.