कुणाच्या गॅलरीत बघताय?

"कुणाच्या गॅलरीत बघताय?"

सकाळी सातला, बागेत, अख्ख्या हास्यक्लबासमोर. क्लब तेवढ्यापुरता हसायचा थांबला.

मार्चअखेर पुण्यातल्या बागेत दुर्बीण घेऊन उभं राहिलं की हे ठरलेलं. सावरीच्या झाडावर भोरड्या होत्या, साळुंकीच्या कुळातले पक्षी, शंभरेक. एप्रिलच्या मध्याला त्या मध्य आशियाच्या वाटेला लागतात. त्याआधी सावर, पांगारा, पळस जे फुललं असेल त्याच्या मधावर आडवा हात मारतात. नराचा गुलाबी रंग याच दिवसांत खुलतो, तोही नवी पिसं न येता. पिसांची मळकट किनार झिजते आणि खालचा रंग उघडा पडतो. तो बघायचा तर ऊन पाठीशी हवं. ऊन पाठीशी घेतलं की सावरीमागे नेमकी ती गॅलरी!

"पक्षी बघतोय, काका."

"त्याला दुर्बीण कशाला? साळुंक्या आहेत."

"भोरड्या. कझाकस्तानकडे निघाल्यात."

"परत कधी?"

"जुलै-ऑगस्टात."

"मग ऑगस्टात बघा की! घाई काय आहे?"

यावर काय बोलणार? एवढ्यात आंब्यात 'ची-विट' झालं. हिरवट वटवट्या. हाही जाणारच. त्याच्या पंखावरची फिकट रेघ दुर्बिणीशिवाय दिसत नाही, आणि दुर्बीण काकांच्या हातात. आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डावा डोळा जुळवायचा, मग डावी झाकून उजव्या भिंगाच्या कडीने उजवा. त्यानंतर कडीला हात लावायचा नाही. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिली कडीच फिरवली.

"धूसर आहे. कितीला पडली?"

तेवढ्यात माळ्याने पाचोळा उडवायचं यंत्र सुरू केलं. पाचोळा उलथून किडे टिपणाऱ्या कस्तुर पक्ष्यांनी आता काय खायचं, लॉन? गेल्या वर्षी पांगारा तोडला. का, तर फुलांवरून ट्रॅकवर पाय घसरतात. ऐन फुलोऱ्यात तोडला. अर्ज केला होता, पोच तेवढी माझ्याकडे आहे.

यंत्राच्या आवाजाने सावर एका झटक्यात रिकामी झाली. काकांची दुर्बीण मात्र जागची हलली नाही.

"हां, आता लख्ख दिसतंय," ते म्हणाले. "बघा, हिने माझा टॉवेल अजून वाळत घातलेला नाही!"