वस्तादाला काढतात व्हय?

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आम्ही पाचजण होतो: मास्तर, वकील, पैलवान, मी आणि पेन्सिल. पेन्सिल आमचा वर्गमित्र. पेनसिल्व्हेनियाला एमएस करायला गेला आणि तिकडंच नोकरीला लागला. एवढं मोठं नाव पैलवानाच्या तोंडात बसेना, तेव्हापासून त्याची पेन्सिल झाली. दिवाळीला आला होता, मंगळवारी परत जायचा होता. हातात धारोष्ण दुधाचा ग्लास आणि तोंड असं की घरातलं कुणीतरी दवाखान्यात आहे.

"काय झालं रे?" मास्तरांनी विचारलं.

"आमच्या कॉलेजनं, पेन स्टेटनं, फुटबॉलचा कोच काढला. त्याला तीन आठवडे झाले, पण आता रोज कुठं ना कुठं एकेक काढायलेत. परवा एलएसयूनं, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीनं काढला. आज सकाळी बघतोय तर त्या कोचला आणणारा क्रीडा संचालकही गेला."

मास्तर एकतीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालेत. त्यांना हे जरा लागलंच. "आमचा संघ जिल्ह्यात हरून आला की हेडमास्तर एकच गोष्ट मागायचे, एसटीची तिकिटं. खर्च लावायला."

मग अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल म्हणजे काय ते पेन्सिलीनं सांगितलं. चेंडू सोललेल्या नारळासारखा, तो हातात धरून पळायचं. पैलवान म्हणाला, ह्याला फुटबॉल म्हणतोयस हे पेठेत बोलू नकोस. पण पेन्सिलीच्या कॉलेजच्या बीव्हर स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात हे ऐकल्यावर तोही गप्प झाला. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की जी ईर्ष्या असते तीच, फक्त लाखाच्या पटीत. आणि खेळणारी पोरं कॉलेजची.

"तर जेम्स फ्रँकलिन," पेन्सिल म्हणाली. (पेन्सिलीला आम्ही स्त्रीलिंगातच बोलतो, त्यालाही सवय झालीय.) "बारावा हंगाम चालला होता. १०४ जिंकल्या, ४५ हरल्या. ह्याच जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला होतो, नोत्र दामशी २७-२४ हरलो. हंगामाच्या आधी क्रमवारीत देशात दुसरे. आणि १२ ऑक्टोबरला घरी."

"सेमीफायनलला नेलेला माणूस?" पैलवान.

"ऐक की. २७ सप्टेंबरला ओरेगॉन आमच्याकडं आलं. मी मॅचला होतो. सगळं स्टेडियम पांढरे कपडे घालून. जादा वेळेत, तोही दुसऱ्या, हरलो. तिथंच पब्लिक ओरडाय लागलं, फ्रँकलिनला काढा म्हणून. पुढच्या शनिवारी यूसीएलए, लॉस एंजेलिसचं कॉलेज. त्यांनी तोवर एकही मॅच जिंकली नव्हती, चारच्या चार हरलेले. त्यांच्याशी ४२-३७ हरलो. मग घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नशी एका पॉइंटनं. दुसऱ्या दिवशी कोच गेला."

"म्हणजे तीन मॅच."

"तीन मॅच न्हाईत. बारा वर्षं. पहिल्या दहातल्या संघांशी त्याचा हिशोब चार जिंकल्या, एकवीस हरल्या. लहानाला कुटायचं आणि मोठा आला की पाठ टेकायची. तू सांग पैलवान, असल्या मल्लाला काय म्हणशील?"

पैलवानानं ग्लास खाली ठेवला. "मल्लाला म्हणीन. वस्तादाला न्हाई म्हणणार. वस्तादाला काढतात व्हय? पठ्ठा हरला तर पठ्ठ्याच्या मेहनतीत कमीपणा. वस्ताद तालमीत मरेपर्यंत."

इथं वकील जागा झाला. तोवर तो मोबाइलवर काहीतरी शोधत होता. "फुकट काढला नाही रे. काढायचे किती दिले ते विचार."

"साधारण ४९ मिलियन डॉलर देणं निघालं," पेन्सिल म्हणाली.

वकिलानं हिशोब केला. सव्वाचारशे कोटींच्या वर. कट्ट्यावर थोडा वेळ फक्त म्हशीच्या धारेचा आवाज. मग पैलवान म्हणाला, "मला काढा की कुणीतरी."

वकिलाला यात भलताच रस वाटायला लागला, आणि खरं सांगायचं तर मलाही. कोच वाईट की चांगला यावर कट्ट्यावर कितीही बोलता येतं. पण हरणाऱ्या माणसाला सव्वाचारशे कोटी देऊन घरी बसवायचं, हा करार शहाण्यासुरत्या माणसांनी सही करून केलेला असतो, तो कसा? पेन्सिलीनं सांगितलं की फ्रँकलिनला दहा वर्षांचा करार दिला नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्या वर्षी संघ फार काही भारी खेळत नव्हता. पण कॅलिफोर्नियातलं यूएससी आणि एलएसयू, दोन्हीकडं कोचची जागा रिकामी होती आणि फ्रँकलिनचं नाव घेतलं जायला लागलं. जाईल या भीतीनं दिला.

"म्हणजे पोरगी दाखवायला दुसरं स्थळ येतंय म्हटल्यावर हुंडा वाढवला," मास्तर.

"मास्तर, तुम्ही हुंड्याविरुद्ध भाषणं करत होता."

"उदाहरण म्हणून बोललो."

एजंट मंडळी नेमकं हेच करतात. जिमी सेक्स्टन नावाचा एक एजंट आहे. निक सेबन, जिम्बो फिशर, लेन किफिन हे सगळे बडे कोच त्याचेच. जागा एक रिकामी झाली की चार विद्यापीठं आपापल्या कोचचा करार वाढवतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं जिम्बो फिशरला असाच वाढवून दिला होता. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याला काढला तेव्हा ७६ मिलियनच्या आसपास देणं निघालं. त्यातला मोठा तुकडा लगेच आणि बाकीचे हप्ते २०३१ पर्यंत. दुसरीकडं नोकरी धरली तरी हप्ता कापायचा नाही, असं कलम.

"कलम कुणी लिहिलं?" वकील जवळजवळ उभा राहिला. "त्याच्या पायाला हात लावायला पाहिजे. इथं उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचं हा कायदा आहे, तर शेतकऱ्याला मोर्चा काढावा लागतो. आणि त्याला घरी बसून २०३१ पर्यंत."

मग गव्हर्नरची गोष्ट निघाली. एलएसयूनं ब्रायन केलीला २६ तारखेला काढला, टेक्सास ए अँड एमकडून घरच्या मैदानावर ४९-२५ मार खाल्ल्यावर. त्याचाही दहा वर्षांचा करार, त्याचेही ५३-५४ मिलियन देणं. लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री बुधवारी पत्रकारांपुढं आले आणि म्हणाले, हे असले करार करणारा क्रीडा संचालक पुढचा कोच निवडणार नाही. त्यापेक्षा ट्रम्पना निवडायला सांगू. हा संचालक, स्कॉट वुडवर्ड, आधी टेक्सास ए अँड एमला होता आणि फिशरला तिथं त्यानंच आणलं होतं. (वकिलानं इथं बारीक दुरुस्ती केली: फिशरचा पहिला करार त्याचा, वाढवून दिला तो त्याच्या मागून आलेल्यांनी. मोबाइलवर हेच शोधत होता तर.) गुरुवारी वुडवर्ड गेला. त्यालाही काहीतरी देऊनच.

"हे ओळखीचं वाटतंय," पैलवान म्हणाला. "आपल्याकडं कारखान्याचा एमडी असाच जातो. फक्त जाताना त्याला कोण काय देत न्हाई. त्यानंच आधी घेतलेलं असतंय."

मास्तर बराच वेळ गप्प होते. मास्तर गप्प बसले की पुढं काहीतरी येणार हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे. "तुझ्या विद्यापीठाच्या गावोगावी शाखा आहेत ना? त्यातल्या काही बंद होणार असं मध्ये तूच म्हणाला होतास."

"सात. मे महिन्यात ठरलं. २०२७ च्या वसंतातल्या सत्रानंतर बंद."

"मुलं नाहीत म्हणून, पैसे नाहीत म्हणून. आणि कोचला काढायला सव्वाचारशे कोटी आहेत."

"मास्तर, पैसा वेगळा. खेळाचं खातं वेगळं. तिकिटं, टीव्ही, देणगीदार."

"आणि स्टेडियम?"

"तेही त्याच खात्यातनं." मग जरा हळू आवाजात, "सातशे मिलियनचं नूतनीकरण चाललंय."

"खातं वेगळं असतं बाळ. घर एकच असतं."

पेन्सिल चिडली. तिचं म्हणणं असं, की फुटबॉल नसतं तर त्या डोंगराळ भागातल्या गावात कुत्रंसुद्धा आलं नसतं. घरच्या मॅचच्या सात शनिवारांवर गावातली हॉटेलं, दुकानं वर्षभर जगतात. संघ हरायला लागला की स्टेडियम रिकामं, देणगीदार गायब, मग कुठलंच खातं राहत नाही. मास्तरांचं म्हणणं असं, की ही दारुड्याची कारणं आहेत. मला दोघांचंही थोडंथोडं पटत होतं. पण त्या संध्याकाळी मी मास्तरांच्या बाजूनं होतो. त्या सात गावांतल्या पोरांना देणगीदार नाहीत, एवढंच.

पैलवानाचा मुद्दा अजून तसाच पडला होता, तो त्यानं परत उचलला. वस्तादाला कशापायी काढायचं, पठ्ठे बदला.

"पठ्ठेच तर बदलतात," पेन्सिल म्हणाली. "आता खेळाडूला दुसऱ्या कॉलेजात जायला पूर्वीसारखी अडवणूक नाही. आणि १ जुलैपासून विद्यापीठ थेट पैसेही देऊ शकतं. एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून वर्षाला साडेवीस मिलियनपर्यंत. चांगला पठ्ठा दर वर्षी तालीम बदलायला मोकळा. मग वस्ताद नुसतं शिकवून भागत नाही. पोरं धरून ठेवायची, नवीन आणायची. ३ डिसेंबरला बारावीची पोरं कुठल्या कॉलेजकडून खेळायचं त्याच्या सह्या करणार. डिसेंबरात कोच काढला तर त्या वर्षाची पोरं गेली. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरातच उडवतात, नवा माणूस तोवर बसवायचा असतो. ओक्लाहोमा स्टेटचा माईक गंडी २००५ पासून होता. त्याला सप्टेंबर संपायच्या आत काढला."

"आणि काढून फायदा होतो?" मी विचारलं.

इथं पेन्सिल प्रामाणिकपणे अडखळली. होतो आणि होत नाही. नेब्रास्काचं उदाहरण तिकडं सगळे देतात. त्यांनी २००३ मध्ये नऊ मॅच जिंकलेला फ्रँक सोलिच काढला. २०१४ मध्ये बो पेलिनी काढला, त्यानं सातही हंगामांत किमान नऊ जिंकल्या होत्या. नऊ कमी पडत होत्या त्यांना. पुढं २०१७ ते २०२३, सात वर्षं ओळीनं जिंकल्या कमी, हरल्या जास्त. मधे घरचाच माणूस आणला, स्कॉट फ्रॉस्ट. त्याला ११ सप्टेंबर २०२२ ला काढला. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर १५ मिलियनचं देणं निम्म्यावर येणार होतं.

"वीस दिवस!" वकील ओरडला. शेजारचा गिऱ्हाईक दचकला. "साडेसात मिलियनसाठी वीस दिवस थांबता आलं नाही? माझ्याकडं आले असते तर मी वीस वर्षं थांबवलं असतं."

पण मग इंडियाना आहे. देशातल्या वरच्या गटात तोवर सगळ्यात जास्त मॅच हरलेलं विद्यापीठ. २०२३ ला कोच काढला, देणगीदारांनी साडेपंधरा मिलियन भरले आणि साठी ओलांडलेला कर्ट सिग्नेट्टी नावाचा माणूस लहान कॉलेजातनं आणला. पहिल्याच वर्षी अकरा जिंकल्या. त्या शुक्रवारपर्यंत ह्या हंगामात आठपैकी आठ. पेन्सिल म्हणाली, आता प्रत्येक विद्यापीठाच्या अध्यक्षाला झोपेत इंडियाना दिसतं. नेब्रास्का कुणालाच दिसत नाही.

दूध संपलं होतं. पैज लागली. पुढचा कोण? हरणाऱ्यांनी मिसळ द्यायची.

पेन्सिलीनं फ्लोरिडा स्टेटचा माईक नॉर्वेल सांगितला. २०२३ ला तेरापैकी तेरा जिंकूनही ह्याच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत घेतलं नव्हतं. पुढच्या वर्षी दोन जिंकल्या, दहा हरल्या. यंदा सुरुवातीलाच अलाबामाला हरवलं आणि मग ओळीनं चार मार खाल्ले. मास्तरांनी विस्कॉन्सिनचा ल्यूक फिकेल घेतला. का, तर नाव आवडलं. वकिलानं पैज लावली नाही, तो नॉर्वेलला काढायला किती लागतात तेवढं बघत होता. "पन्नासच्या वर. नाही काढत," म्हणाला. पैलवानानं राहिलेल्यांतलं स्वस्त कोण ते विचारलं. ऑबर्नचा ह्यू फ्रीझ, सोळाएक मिलियन. "मग तोच. एवढी महागाई असताना गरीबच पहिला जातोय."

सोमवारी सकाळी सात वाजता पैलवानाचा मेसेज: "ऑबर्न ३, केंटकी १०. फ्रीझ आउट. आठ वाजता या, तांबडा रस्सा जादा."

पेन्सिल मंगळवारी गेली. नॉर्वेलला आणि फिकेलला त्या हंगामात शेवटी कुणी काढलं नाही. फ्रँकलिनला नोव्हेंबरात व्हर्जिनिया टेकनं घेतलं आणि ४९ मिलियनचं प्रकरण ९ मिलियनवर मिटलं, कारण त्याच्या करारात फिशरसारखं कलम नव्हतं. वकिलानं ही बातमी ग्रुपवर तीनदा टाकली. केलीच्या जागी एलएसयूनं लेन किफिन आणला, सात वर्षं, वर्षाला १३ मिलियनच्या घरात. हा किफिन २०१३ मध्ये यूएससीचा कोच होता. मॅच हरून संघ पहाटे विमानानं परतला, तर त्याला विमानतळावरच बसमधून उतरवून काढलं होतं. आता तो अकरा मॅच जिंकलेला आपला संघ, ओल मिस म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा, राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर सोडून गेला. मागं राहिलेल्या पीट गोल्डिंग नावाच्या सहायकानं तोच संघ सेमीफायनलला नेला. पैलवान म्हणाला, बघा, पठ्ठे.

आणि ३ डिसेंबर. ज्या दिवसासाठी ऑक्टोबरात कोच काढायचा असतो म्हणून पेन्सिल आम्हाला कट्ट्यावर समजावत होती, त्या दिवसापर्यंत तिच्या विद्यापीठाला नवा कोच सापडला नव्हता. त्या दिवशी बारावीच्या दोन पोरांनी सही केली. दोन. आधी हो म्हटलेली बरीचशी पोरं फ्रँकलिनच्या मागोमाग व्हर्जिनियाला गेली.

मास्तरांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "दोघांना एसटीचं तिकीट कमी लागेल." पेन्सिलीनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी नवा कोच मिळाल्याची बातमी टाकली, मॅट कॅम्पबेल, आयोवा स्टेटमधनं आणलेला. वकिलानं खाली लगेच विचारलं, "करार किती वर्षांचा?"